विद्यापीठ कर्मचाऱ्यांच्या विम्याचा हप्ता वेतन अनुदानातूनच हवा

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधले कलम ८ वाचले की विद्यापीठाच्या तिजोरीची किल्ली कुणाकडे आहे ते कळते. शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय विद्यापीठाला नवे पद निर्माण करता येत नाही. शिक्षक, अधिकारी आणि कर्मचारी यांचे वेतन, भत्ते, निवृत्तीनंतरचे लाभ किंवा इतर लाभ यांत फेरफार करता येत नाही. सानुग्रह रक्कमसुद्धा परस्पर देता येत नाही. या ‘इतर लाभां’मध्ये आरोग्य विमा येतोच. म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेने कर्मचाऱ्यांना विमाकवच द्यायचे ठरवले, तरी फाईल मंत्रालयात जाणार. अशा मान्यतांना जोडली जाणारी अटही सगळ्यांच्या ओळखीची आहे: ‘शासनावर कोणताही आर्थिक भार पडणार नाही या अटीवर’.

आमचा आक्षेप या अटीला आहे. वेतन किती, पदे किती, लाभ कोणते हे सगळे शासन ठरवते. मग त्याच सेवाशर्तींचा एक भाग असलेल्या विम्याच्या हप्त्यापाशी येऊन विद्यापीठाला अचानक स्वायत्त म्हणता येणार नाही. नकाराचा अधिकार ज्याच्याकडे, खर्चाचे दायित्वही त्याच्याकडेच असायला हवे. मंजूर पदांच्या वेतनासाठी शासन ‘सहायक अनुदाने (वेतन)’ या बाबीखाली पैसे देते. विम्याचा हप्ता त्याच बाबीत, वेतनाला जोडून, दरवर्षी आपोआप आला पाहिजे.

तसे झाले नाही तर पैसे येतात कुठून? विद्यापीठ निधीतून. आणि विद्यापीठ निधी म्हणजे मुख्यतः परीक्षा शुल्क, संलग्नीकरण शुल्क, पदवी प्रमाणपत्राचे आणि फेरमूल्यांकनाचे शुल्क. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकशाच्या किंवा देवरीच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने भरलेल्या परीक्षा शुल्कातून नागपुरातल्या कर्मचाऱ्याच्या अँजिओप्लास्टीचा हप्ता जावा, ही व्यवस्था दोघांवरही अन्याय करणारी आहे. शिवाय हा निधी आटत चालला आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठातून २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे गोंडवाना विद्यापीठाकडे गेले. उरले नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया. महाविद्यालये एकेक करून शैक्षणिक स्वायत्तता घेत आहेत आणि आपल्या परीक्षा आपणच घेत आहेत. विद्यापीठाच्या एलआयटी या तंत्रज्ञान संस्थेचे २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले. या बदलांना शैक्षणिक कारणे असतील, पण प्रत्येक बदलाबरोबर विद्यापीठाच्या स्वतःच्या उत्पन्नाचा पाया अरुंद होतो, आणि कर्मचाऱ्यांचे सरासरी वय मात्र वाढत राहते, कारण नवी भरती रखडलेली आहे. घटते उत्पन्न आणि वाढता हप्ता एकाच निधीवर टाकला तर दोन-तीन नूतनीकरणांतच पॉलिसी मोडते.

यावर पहिले उत्तर मिळते ते वैद्यकीय प्रतिपूर्तीचे. महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम, १९६१ आणि १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयातली २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांची यादी, ही शासकीय कर्मचाऱ्यांची जुनी चौकट आहे. पण जिथे प्रतिपूर्ती लागू आहे तिथेही ती विमा नव्हे. प्रतिपूर्तीत रुग्ण आधी पैसे भरतो. दाखल होताना अनामत, सुटी मिळताना उरलेले बिल, मग मूळ बिले, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांच्या सहीची प्रमाणपत्रे, जिल्हा शल्यचिकित्सकांची तपासणी आणि त्यानंतर प्रशासकीय मंजुरी. मंजुरी मिळाली तरी त्या बाबीखाली तरतूद शिल्लक असेल तरच पैसे निघतात, नाहीतर पुढच्या आर्थिक वर्षाची वाट पाहायची. ज्याच्याकडे आज तीन लाख रुपये रोख आहेत त्याच्यासाठी ही सोय ठीक आहे. शिपाई, प्रयोगशाळा परिचर, कनिष्ठ लिपिक यांच्याकडे ते नसतात. ते पतसंस्थेचे कर्ज काढतात किंवा दागिने गहाण ठेवतात, आणि प्रतिपूर्ती येईपर्यंतचे व्याज कुणीच परत करत नाही.

दुसरे उत्तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे. २०२३ च्या निर्णयानंतर तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये झाली आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अट गेली. योजना मोलाची आहे. मात्र ती ठरलेल्या उपचारांची आणि ठरलेल्या पॅकेज दरांची योजना आहे. उपचार यादीत नसेल किंवा रुग्णालय योजनेत नसेल तर उपयोग होत नाही. मेडिकल, मेयो आणि मिहानमधले एम्स या नागपुरातल्या शासकीय रुग्णालयांवर आधीच अख्ख्या विदर्भाचा, शिवाय शेजारच्या मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा भार आहे. नियोक्त्याने आपल्या माणसांचा विमा न उतरवता त्यांना त्याच रांगेत उभे करायचे, म्हणजे ज्यांना दुसरा कुठलाच आधार नाही त्यांची रांग आणखी लांबवायची.

आता खुद्द विम्याचे गणित पाहू, कारण शासनाचा सहभाग का लागतो हे भावनेपेक्षा त्यातून जास्त स्वच्छ दिसते. समजा, १,००० कर्मचारी आहेत, कुटुंबासह ५ लाखांचे कवच आहे आणि हप्ता कुटुंबामागे २५,००० रुपये आहे. (हे आकडे उदाहरणापुरते; खरा दर वयोमान, आधीचे दावे आणि आई-वडिलांचा समावेश यांवर ठरतो.) एकूण हप्ता अडीच कोटी. वर्षभरात ३ कोटींचे दावे आले तर दाव्यांचे प्रमाण १२० टक्के. पुढच्या वर्षी कंपनी हे प्रमाण ८५ टक्क्यांवर आणू पाहील, म्हणजे तेवढ्याच दाव्यांसाठी सुमारे ३ कोटी ५३ लाखांचा हप्ता मागेल. एका वर्षात ४१ टक्के वाढ, आणि यात उपचारांची महागाई अजून धरलेलीच नाही.

विद्यापीठाची तेवढी ऐपत नसते. मग काटछाट सुरू होते. आधी आई-वडील वगळले जातात. नंतर प्रत्येक बिलात २० टक्के वाटा रुग्णाने उचलावा अशी अट येते. त्यानंतर विमा रक्कम पाचावरून तीन लाखांवर येते. शेवटी ‘ज्यांना हवा त्यांनी घ्यावा’ म्हणून विमा ऐच्छिक होतो, आणि तिथे तो संपतो. ऐच्छिक झाल्याबरोबर तरुण आणि धडधाकट बाहेर पडतात, मधुमेही, हृदयरोगी आणि डायलिसिसवरचे आत राहतात, दावे तेवढेच राहतात आणि भरणारे निम्मे होतात.

एका विद्यापीठाचा गट मुळातच लहान असतो. १,००० कुटुंबांत दहा जणांनी पाच-पाच लाखांची मर्यादा गाठली तर ५० लाख गेले, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या हप्त्याचा पाचवा हिस्सा. राज्यातल्या सगळ्या सार्वजनिक विद्यापीठांचा मिळून एकच गट केला तर एका विद्यापीठातल्या वाईट वर्षाने हप्ता हलत नाही. पण असा गट कुठलेही एक विद्यापीठ बांधू शकत नाही. ते शासनाच्याच हातात आहे. शासनाला यात नवखेही म्हणता येणार नाही. वित्त विभागाच्या अखत्यारीत विमा संचालनालय आहे, शासकीय विमा निधी आहे. शासकीय कर्मचाऱ्यांची १९८२ ची गट विमा योजना चालू आहे. समूह वैयक्तिक अपघात विमा योजना २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा वर्षाला ३०० रुपये आणि कर एवढ्यात १० लाखांचे अपघाती कवच मिळत होते. मोठा गट केला की दर किती खाली येतो, याचा दाखला शासनाच्याच दप्तरात आहे.

वस्तू व सेवा कराचा मुद्दा तर शासनाने हप्ता भरावा याच्या बाजूचा सर्वांत ठोस पुरावा आहे, आणि नेमकी त्याचीच चर्चा होत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा कर शून्य झाला. गट विम्यावर मात्र १८ टक्के कायम आहे. वरच्या उदाहरणात अडीच कोटींवर ४५ लाख रुपये कर, म्हणजे २५,००० रुपयांप्रमाणे १८० कुटुंबांचा हप्ता निव्वळ करात जातो. शिवाय तरुण कर्मचारी हिशेब करतो: बाहेरची वैयक्तिक पॉलिसी बिनकराची, मग इथे कशाला राहू? तो बाहेर पडतो आणि मघाशी सांगितलेली गळती आणखी वेगाने होते. पन्नाशी ओलांडलेल्या आजारी कर्मचाऱ्याला ती वाट नसते. वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा लावता येते, आणि कंपनी प्रस्ताव नाकारूही शकते.

यातून मार्ग आहे. केंद्र किंवा राज्य शासनाला पुरवलेल्या आणि ज्यांचा संपूर्ण हप्ता शासन भरते अशा विमा योजनांना २०१७ च्या करमाफी अधिसूचनेत सूट आहे. त्यातला ‘संपूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा. कर्मचाऱ्याच्या पगारातून शंभर रुपये जरी कापून हप्त्यात मिसळले तरी सूट धोक्यात येते. विमाधारक म्हणून विद्यापीठाचे नाव लागले तरीही तेच, कारण विद्यापीठ ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे, राज्य शासन नव्हे. म्हणून मूळ ५ लाखांची पॉलिसी उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या किंवा विमा संचालनालयाच्या नावावर असावी आणि तिचा पूर्ण हप्ता शासनाने भरावा. ज्याला अधिक कवच हवे त्याने ५ लाखांच्या वरची वैयक्तिक टॉप-अप पॉलिसी स्वतंत्रपणे, स्वतःच्या पैशाने घ्यावी. तिच्यावरही कर नाही. निविदा काढण्यापूर्वी करविषयक अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडून ही रचना तपासून घ्यावी, म्हणजे नंतर लेखापरीक्षणात आक्षेप निघणार नाही.

तमिळनाडूने २०२१ च्या नवीन आरोग्य विमा योजनेत राज्य विद्यापीठांना सामावून घेतले: पगारातून महिन्याला ३०० रुपये आणि चार वर्षांच्या कालावधीत ५ लाखांचे कवच. केरळची मेडिसेप योजना जुलै २०२२ मध्ये महिन्याला ५०० रुपये आणि ३ लाखांचे कवच अशी सुरू झाली. दोन्हींतून मोठ्या गटाचा धडा घ्यावा, पैशाच्या बाजूचा घेऊ नये, कारण तिथे भार मुख्यतः पगारावर आहे. केरळमध्ये पॅकेज दरांवरून काही मोठी खासगी रुग्णालये योजनेबाहेर राहिली, हेही लक्षात ठेवायला हवे. हप्ता खेचून कमी केला की रुग्णालये पाय मागे घेतात.

पैसा नाही, हा शेवटचा आणि सर्वांत गंभीर आक्षेप. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये राम लुभाया बग्गा प्रकरणात राज्याला आपल्या आर्थिक कुवतीनुसार वैद्यकीय खर्चाचे दर ठरवण्याची मुभा दिली, हे खरे आहे. ती मुभा दर ठरवण्याची आहे. जबाबदारी झटकण्याची नाही. १९९६ च्या सुरजितसिंग आणि १९९७ च्या मोहिंदरसिंग चावला या निकालांनी आरोग्याचा हक्क अनुच्छेद २१ शी जोडलेला आहे. आणि पैशाचाच हिशेब करायचा तर रिक्त पदांचाही करू. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन महिन्याला ५७,७०० रुपये, वर्षाला ६ लाख ९२ हजार ४००. त्यात महागाई भत्ता आणि घरभाडे धरलेले नाही. असे एक मंजूर पद वर्षभर रिकामे राहिले की तेवढ्या रकमेत २५,००० रुपयांप्रमाणे २७ कुटुंबांचा विमा निघतो. पदे भरलीच पाहिजेत, त्याबद्दल आमचे दुमत नाही. पण रिक्त पदांमुळे शासनाचे जे पैसे वाचतात, ते रिकाम्या खुर्च्यांचे काम आपल्या अंगावर घेणाऱ्यांच्या वाट्याला निदान विम्याच्या रूपाने तरी यावेत.

काम अंगावर घेणाऱ्यांत कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरचे लोकही आहेत, आणि फक्त मंजूर पदांचा विचार करणाऱ्या योजनेत नेमके तेच सुटतात. एजन्सीमार्फत आलेले सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार २१,००० रुपयांपर्यंत वेतन असेल तर कर्मचारी राज्य विमा योजनेत येतात: मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के. १५,००० वेतनावर महिन्याला अनुक्रमे ४८७ रुपये ५० पैसे आणि ११२ रुपये ५० पैसे. एजन्सीने ही रक्कम भरली नाही तर मुख्य नियोक्ता म्हणून विद्यापीठच उत्तरदायी ठरते. म्हणून वित्त व लेखा विभागाने एजन्सीचे देयक काढण्यापूर्वी त्या महिन्याचे चलन आणि नावनिहाय अंशदान यादी हातात घेतलीच पाहिजे. केवळ चलनाची एकूण रक्कम पाहून चालत नाही, कारण शंभर जण कामावर आणि साठ जणांची नावे भरलेली, असे होऊ शकते. नाव नसलेला माणूस सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयाच्या खिडकीवरून परत पाठवला जातो, तेव्हा कुठे ते कळते. तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांना यांपैकी काहीच मिळत नाही. त्यांना किमान शैक्षणिक वर्षापुरते राज्याच्या गटात घेतले पाहिजे.

पॉलिसीचा मसुदा नीट नसेल तर शासनाचा पैसाही वाया जातो, म्हणून दोन-तीन अटींवर भांडायलाच हवे. पहिली खोलीभाड्याची. ३ लाखांच्या पॉलिसीत भाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये असेल आणि रुग्ण ६,००० च्या खोलीत राहिला, तर केवळ भाडेच निम्मे होत नाही; शस्त्रक्रिया, भूल, डॉक्टरांच्या भेटी यांचे शुल्कही त्याच प्रमाणात निम्मे मंजूर होते. औषधे, रोपणे आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लागत नाही, तरी फटका मोठा बसतो. मर्यादा रुपयांत न लिहिता ‘एकल खासगी खोली’ अशी लिहून घ्यावी. दुसरी, आधीपासूनचे आजार आणि प्रसूती पहिल्या दिवसापासून समाविष्ट हवेत. तिसरी रुग्णालयांच्या यादीची. रामदासपेठ आणि धंतोलीतली रुग्णालये यादीत असतातच. गोंदिया, भंडारा, हिंगणघाट इथली आहेत का ते तपासावे, कारण कर्मचाऱ्याचे म्हातारे आई-वडील तिथे राहतात.

विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची पूर्वमंजुरी एका तासात आणि सुटीच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत मिळायला हवी. टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या त्रयस्थ संस्थेच्या, करारात विलंबाला दंड असेल तरच हे प्रत्यक्षात उतरते. बाकी अडचणी साध्या वाटतात, पण दावे त्यांच्यावरच अडतात: आधार कार्डावर एक नाव आणि सेवापुस्तकात दुसरे, नवजात बाळाचे नाव न कळवलेले, बदलीने आलेला कर्मचारी यादीत न चढलेला. आस्थापना विभागाने दर महिन्याच्या पगारपत्रकाबरोबरच बदलांची यादी कंपनीला पाठवण्याचा शिरस्ता ठेवला तर यातले बहुतेक टळते.

सेवानिवृत्तांचा प्रश्न राहतो. कर्मचारी ५८ व्या किंवा ६० व्या वर्षी निवृत्त होतो आणि आजारपणाची वर्षे सुरू होताना कवच सुटते. राज्याच्या सेवानिवृत्तांसाठी २०१४ मध्ये वैद्यकीय विमा छत्र योजना आली. तिचा हप्ता निवृत्त कर्मचारीच भरतो. विद्यापीठांच्या निवृत्तांना निदान राज्याच्या मोठ्या गटाच्या दराने, स्वतःचा हप्ता भरून पुढे चालू ठेवण्याचा हक्क हवा. १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांच्या बाबतीत हे जास्त निकडीचे आहे, कारण त्यांच्यामागे जुन्या निवृत्तिवेतनाचा ठाम आधार नाही.

नागपूरकडे या मागणीसाठी एक सोय आहे जी मुंबई सोडली तर इतर विद्यापीठांच्या शहरांकडे नाही. १९५३ च्या नागपूर करारामुळे दर हिवाळ्यात विधिमंडळ इथे येते आणि त्याच अधिवेशनात पुरवणी मागण्या मांडल्या जातात. मात्र डिसेंबरमध्ये मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर मोर्चा अडवला जातो तेव्हा पुरवणी मागण्यांची पुस्तिका छापून झालेली असते. म्हणून काम जूनमध्ये सुरू व्हावे. जुलैत कर्मचाऱ्यांची वयोगटानुसार आणि आश्रितांसह यादी, मागच्या तीन वर्षांच्या दाव्यांची आकडेवारी आणि खर्चाचे अंदाजपत्रक वित्त व लेखा समितीपुढे जावे. ऑगस्टमध्ये व्यवस्थापन परिषदेचा ठराव व्हावा, आणि त्यात कलम ८ खाली मान्यतेबरोबरच वेतन अनुदानात तरतूद मागितलेली असावी. नुसती मान्यता मागितली तर ती ‘आर्थिक भार नाही’ या अटीसह येणार. अमरावती, गोंडवाना आणि रामटेकचे संस्कृत विद्यापीठ यांनी त्याच महिन्यात त्याच मजकुराचे ठराव केले तर उच्च शिक्षण विभागाला एकत्रित गटाचा प्रस्ताव वित्त विभागाकडे सप्टेंबरात पाठवता येईल, आणि १ एप्रिलपासून पॉलिसी सुरू करता येईल. सध्याच्या पॉलिसीची मुदत त्याआधी संपत असेल तर कंपनीकडून ३१ मार्चपर्यंत अल्पमुदतीची वाढ आताच लेखी घ्यावी. मधल्या काळात एक दिवस जरी कवच नसले, तरी त्या दिवशी दाखल झालेल्या रुग्णाचा दावा नामंजूर होतो.